नाव सांगेपर्यंत

हार्लिंगेन, ३ मार्च १७४७

फेना,

वरचं अक्षर ओळखूनही तू पत्राची लाख फोडलीस, तर पुढचं वाच. नाही फोडलीस तर माझी तक्रार नाही.

सोळा वर्षांत मी तुला एकही ओळ लिहिली नाही. तुझ्या काकांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हाही कळवलं नाही. ते शेवटपर्यंत तुला विचारत होते. मी म्हणायची, ‘ती तिकडे सुखात आहे.’ मला काय ठाऊक होतं? एम्डेनहून आलेल्या एका मच्छीवालीने यंदा सांगितलं की तू तिथली शपथ घेतलेली सुईण आहेस आणि लांबलांबच्या शेतांवरून तुला न्यायला गाड्या येतात. ऐकून बरं वाटलं. हे म्हणायचा मला अधिकार नाही, तरी वाटलं ते लिहिलं.

मी एकसष्टची झाले. गुडघे गेले, पण हात अजून चालतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्हा चारही सुइणींना डॉक्टर सीब्रेनपुढे बाकावर बसावं लागतं. चामड्याची एक बाहुली केली आहे, तिच्या पोटातून चामड्याचंच पोर काढून तो आम्हाला शिकवतो. मागच्या वेळी त्याने पोर उलटं घातलं आणि त्याचं त्यालाच निघेना. म्हातारी गेस्के पुटपुटली, “दाराशी आलेल्याला वाट विचारतोय मेला.” आम्ही तोंडात रुमाल कोंबून बसलो. हसायची तरी चोरी.

कामाचं लिहिते. इथल्या अनाथालयात इम्के नावाची मुलगी आहे. सोळा वर्षांची. हात लांब, बोटं बारीक, डोकं शांत. मे महिन्यात मुली कामाला लागतात, तेव्हा ती डॉक्टरच्या घरी मोलकरीण म्हणून जायची आहे. त्याच्या बायकोने, डॉक्टरीणबाईंनी, तिचं नाव घालून मागणी केली आहे. मला वाटतं, तिथे भांडी घासण्यात तिचे हात फुकट जातील. तू तिला शिकाऊ म्हणून ठेवशील का? तुझ्याकडून पत्र आलं, तर अनाथालयाच्या बाई तिला सोडतील.

एवढंच. गावात आता तुझ्याविषयी कुणी वाईट बोलत नाही. कुणी काही बोलतच नाही.

मावशी


हार्लिंगेन, २७ मार्च

फेना,

तुझं पत्र आलं. पूर्ण कागदावर एकच ओळ. ‘ती कुणाची मुलगी?’

तू गणितात हुशार होतीस. सोळा वर्षं, अनाथालय, डॉक्टरचं घर. पहिलं पत्र वाचतानाच तुला कळलं असणार. तरी विचारलंस, म्हणजे मी माझ्या हाताने लिहावं असं तुला वाटतं. लिहिते. आफ्केची मुलगी. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी, दोरवाल्याच्या माडीवर जन्मलेली.

ही ओळ लिहून मी दोन दिवस कागद बाजूला ठेवला होता.

माझी शपथ तुला पाठ होती. लग्नाशिवाय बाळंत होणाऱ्या बाईला कळा ऐन भरात असताना बापाचं नाव विचारायचं आणि ते सांगेपर्यंत तिला हात लावायचा नाही. पोर गावाच्या गळ्यात पडू नये, म्हणून. तुला मी ते कायदा म्हणून शिकवलं, आणि गावात सगळ्यांना सांगत आले की त्या दिवशी मी कायदा पाळला. तसं नव्हतं, फेना. माझ्यापुढे आजवर एकाही मुलीने नाव लपवलं नव्हतं. पाच कळा, फार तर सहा, की ओकायची. नगरसभेतले लोक म्हणायचे, ‘हिस्केपुढे दगडही बोलतो.’ ते मला आवडायचं. आणि ही आफ्के, मासे साफ करणाऱ्या बाईची पोर, ओठ मिटून माझ्याकडे बघत होती. कायदा तासाभरातच मागे पडला. उरला तो माझा हट्ट.

नऊचे टोल पडले तेव्हा तू म्हणालीस, “मावशी, पोराचं तोंड आभाळाकडे आहे. हिला ओणवी करू या, अजून फिरेल.” बरोबर म्हणालीस. मीच तुला शिकवलं होतं ते. मी म्हटलं, “आधी नाव.” दहा वाजता तू पुन्हा म्हणालीस. अकराला तू तिच्या काखेत हात घालून तिला उठवायला गेलीस, तेव्हा मी तुझं मनगट धरून तुला मागे ओढलं. तुझ्या हातावर माझी बोटं उमटली होती. नंतर मी सांगितलं की तूच घाई केलीस. घाई करणाऱ्या पोरीच्या मनगटावर मावशीची बोटं कशी, हे कुणी विचारलं नाही. तू बाही खाली ओढली होतीस. मला वाचवायला ओढलीस ना?

बाराच्या सुमाराला तिने नाव सांगितलं. दोरवाल्याची बाउके जळणाच्या ढेपा आणायला खाली गेली होती. खोलीत तू आणि मीच होतो. “डॉक्टर,” ती म्हणाली. “डॉक्टर सीब्रेन. आता तरी धरा हो मला.”

तेव्हा धरलं. पण तोवर डोकं हाडात रुतलं होतं. ओणवी केली, कुशीवर वळवली, लोणी लावलं, काही होईना. आणि अशा वेळी बोलवायचं कुणाला? लोखंडी चिमट्याने पोर ओढून काढणारा गावात एकच माणूस.

तो आला तेव्हा आफ्केने जी किंकाळी फोडली, ती कळेची नव्हती. तुलाही कळलं, मलाही. तरी मी त्याला आत घेतलं. अॅमस्टरडॅमहून आणलेलं ते हत्यार कुणाला दिसू नये म्हणून त्याने आपल्या गळ्यापासून तिच्या गुडघ्यांपर्यंत चादर बांधली आणि आपल्या दोघींना बाहेर काढलं. त्याच्यासोबत तिला एकटीला सोडून मी जिन्यात उभी राहिले.

पोर जिवंत निघालं. हे त्याचं श्रेय, ते नाकारत नाही. त्याआधी अशी पोरं तुकड्यांनीच निघायची. पण वार अडकली होती. त्याने आपल्या दोघींना आत बोलावलं. मी घाबरले होते, मी नाळ ओढली. ओढायची नसते हे मी तुला शंभरदा सांगितलं होतं. ती मी ओढली, फेना. तू तेव्हा पोराला खिडकीशी धरून तोंडातला चिकटा काढत होतीस. तुझी पाठ होती आमच्याकडे. रक्त थांबलं नाही. तीनच्या आत ती गेली.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. पंपावर मी हात धूत होते. तो आला, माझ्याशेजारी उभा राहून हात धुऊ लागला. म्हणाला, “हिस्के, तू तिला तीन तास तसंच ठेवलंस. का मेली म्हणून सभेने मला विचारलं, तर काय सांगू?”

मी म्हटलं, “तिने नाव सांगितलंय, डॉक्टर.”

तो बराच वेळ पाणी घेत राहिला. मग म्हणाला, “कुणासमोर?”

“माझ्या आणि फेनाच्या.”

“पोरगी तरणी आहे. तरण्या पोरी घाई करतात. वार ओढतात. आणि मग काहीबाही बोलून अंग काढून घेतात.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. “तू जुनी आहेस. तुझी गावाला गरज आहे.”

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सभेपुढे बायबलवर हात ठेवून सांगितलं की आफ्केने नाव सांगितलं नाही, देवमासे मारणाऱ्या जहाजावरचा कुणी खलाशी असं बरळली. आणि वार माझ्या भाचीने ओढली. तू उभी राहून खरं सांगितलंस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पोरगी घाबरलीय.”

तू माझ्या बहिणीची एकुलती एक. आठ वर्षांची असताना माझ्याकडे आलीस. मी तुला ‘पोरगी’ म्हटलं, नावानेही बोलवलं नाही.

आता तुला सगळं सांगितलं. इम्केला बोलावून घे.

मावशी


हार्लिंगेन, १४ एप्रिल

फेना,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. ‘मला जे माहीत आहे ते मला सांगू नका. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.’

तू मला ‘तुम्ही’ म्हणालीस. आठ वर्षांची असल्यापासून तू मला अगंतुगं करायचीस, काकांना ते खपायचं नाही. हे ‘तुम्ही’ मी चारचारदा वाचलं.

सभेपुढे जाण्याआधी मी एक पळवाट शोधली, तेही कबूल करते. डॉक्टरच्या घरी गेले. वाटलं, त्यालाच गळ घालून मुलगी सोडवून घ्यावी, म्हणजे कुणाला काही सांगायला नको.

तो मागच्या खोलीत होता. म्हातारा झालाय. पेला दोन्ही हातांनी धरतो. मी म्हटलं, “डॉक्टर, ती मुलगी घरात आणू नका.”

“कोणती?”

“तुम्हाला ठाऊक आहे कोणती.”

त्याने दार लोटलं. मला वाटलं ओरडेल. पण खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “आम्हाला मूल नाही, हिस्के. दर रविवारी चर्चमध्ये अनाथांच्या बाकावर ती दिसते. माझ्या आईची हनुवटी आहे तिला. म्हटलं, निदान माझ्या छपराखाली राहील. पोटभर जेवेल.”

“स्वयंपाकघरात जेवेल,” मी म्हटलं.

“मग काय मेजावर बसवू? बायकोला काय सांगू?”

“तिला सांगणार आहात, तुम्ही कोण ते?”

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “तू आणि मी गप्प राहिलो म्हणून आजवर सगळ्यांचं भलंच झालं. तूच बघ. कुणाचं वाईट झालं?”

आफ्केचं. तुझं. हे माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. उलट, जे वाटलं ते लिहिते: मला त्याचं म्हणणं पटल्यासारखं झालं. बापाच्या घरी ऊब आहे, अन्न आहे, डॉक्टरीणबाई मायाळू आहेत. मी तोंड उघडलं नाही तरी मुलीचं बरंच होईल, असं मी परतताना पुलापर्यंत स्वतःला समजावत आले. सोळा वर्षांत मी तेच तर शिकले. त्या पंपापासून त्याने मला धाक असा कधी घातला नाही. घालायची गरजच नव्हती. तो म्हणाला, ‘पहिलटकरणीला मला बोलवा,’ मी बोलवलं. तो म्हणाला, ‘माझ्या सहीशिवाय शिकाऊ ठेवायची नाही,’ मी मान डोलावली. जुळं असलं तर त्याचं, पायाळू असलं तर त्याचं. बाकीच्या सुइणी म्हणायच्या, ‘हिस्के, तू बोल ना, तुझं ऐकतील.’ मी बोलले असते तर तो एक वाक्य बोलला असता. आमच्या बायकांचं काम असं एकेक करून त्याच्या चादरीखाली गेलं, आणि चादरीचं टोक मी धरून ठेवलं होतं.

काल अनाथालयात गेले. मुलीचं मन कुठे आहे ते बघावं, म्हणून. इम्के अंगणात चादरी पिळत होती. मला ओळखत होती; तिला कुणी या जगात आणलं हे तिला बाईंनी सांगितलंय.

म्हणाली, “हिस्केआजी, एक विचारू? मुली मला खलाशाचं उष्टं म्हणतात. म्हणतात, तुझ्या आईला माणसाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तुम्ही तिथे होतात ना? माझी आई काही म्हणाली का हो?”

तिने पिळाचं एक टोक माझ्या हातात दिलं होतं. तेच धरून मी उभी होते.

“नाही गं,” मी म्हटलं. “काही नाही म्हणाली.”

ती म्हणाली, “बरं.” आणि पिळू लागली.

इतक्या वर्षांपूर्वीचं खोटं मी भीतीपोटी बोलले, असं म्हणता येईल. काल कशाची भीती होती? उन्हातलं अंगण, एक पोर, हातात ओली चादर. सवयीने बोलले, फेना. तुझ्या दोन ओळींनी झालं नाही ते त्या ‘बरं’ने झालं. 

सभा पंचवीस तारखेला आहे. बोलायला मी माझं नाव दिलंय.

हिस्के


हार्लिंगेन, २९ एप्रिल

फेना,

सांगितलं.

तुला वाटत असेल की छाती हलकी झाली असेल. नाही झाली. दातदुखीत दात उपटल्यावर त्या खड्ड्यात जीभ जात राहते, तसं चाललंय.

सात जण बसले होते. डॉक्टरही होता, त्यांच्याच रांगेत. तो आता सभेचा सभासद आहे. अध्यक्षांनी विचारलं, “हिस्के लोल्केस, काय तक्रार आहे?” मी म्हटलं, “तक्रार माझीच माझ्याविरुद्ध आहे.” एक जण हसला. मी बोलायला लागले, तसा तो हसायचा थांबला.

नऊपासून बारापर्यंत हात लावला नाही, हे सांगितलं. तुझं मनगट सांगितलं. नाव सांगितलं. वार मी ओढली हे सांगितलं. पंपावरचं सांगितलं. 

डॉक्टर उभा राहिला. शांतपणे म्हणाला, “म्हातारीला भ्रम झालाय. या वयात सुइणींना होतो. मी हिला विश्रांती द्यावी असं दोन वर्षं म्हणतोय.”

अध्यक्ष म्हणाले, “बाई, तेव्हाही तुम्ही बायबलवर हात ठेवला होता, आजही ठेवलाय. दोन्हींपैकी खोटी शपथ कुठली?”

“तेव्हाची.”

“म्हणजे तुम्ही खोटी शपथ घेणारी बाई. मग आजचं आम्ही का मानावं?”

मी बायबलवरचा हात काढला नाही.  

तेवढ्यात मागून, जिथे बायाबापड्या उभ्या असतात तिथून, कुणीतरी म्हणालं, “नाव मी पण ऐकलंय.”

बाउके! दोरवाल्याची बाउके, आठवते ना? आता काठी घेऊन चालते. अध्यक्षांनी तिला पुढे बोलावलं. ती म्हणाली, “मी ढेपा घेऊन जिन्यात होते. माडीचं दार उघडं होतं. पोरगी म्हणाली, डॉक्टर सीब्रेन. अन् ही फेना होती ना, ती पहिल्यापासून ओरडत होती, ओणवी करा, ओणवी करा. मी खाली असताना दोनदा ऐकलं.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“मला कुणी विचारलंच नाही,” बाउके म्हणाली. “साक्षीला सुईण होती, डॉक्टर होता. ढेपावालीला कोण विचारतंय?”

डॉक्टर खाली बसला. ‘भ्रम झालाय’ असं पुन्हा म्हणाला नाही. एवढंच. हो असंही म्हणाला नाही. मी त्याच्याकडे बघत होते. तो दोन्ही हातांनी टोपी धरून बसला होता.

निकाल असा. माझी शपथ काढून घेतली. गावात मी आता कुणाच्या बाळंतपणाला जायचं नाही. तीन रविवार चर्चमध्ये पश्चात्तापाच्या बाकावर बसायचं. ज्या पोरींना मी नावं ओकायला लावली, त्या याच बाकावर बसल्या होत्या, हे तुला सांगायला नको. तुझ्यावरचा ठपका पुसला. जुन्या नोंदीवर रेघ मारून बाजूला लिहिलं, तू निर्दोष. नक्कल सोबत जोडली आहे. सोळा वर्षांनी एक रेघ. यापेक्षा जास्त काही माझ्या हातात उरलेलं नाही.

डॉक्टरला काही झालं नाही. सभेचं पद सोडलंय, तब्येतीचं कारण दिलंय. प्रसूतीला लोक त्यालाच बोलावतात, आणि चुकत नाहीत. त्याच्या लोखंडाने पोरं वाचतात. मुलगी मात्र त्याच्या घरी जाणार नाही, हे सभेनेच ठरवलं. डॉक्टरीणबाई काल रस्त्यात भेटल्या. मला वाटलं थुंकतील. त्या म्हणाल्या, “माझ्या घरात तीन वर्षं कामाला होती ती आफ्के. माझे केस विंचरायची.” आणि निघून गेल्या.

आता इम्केला सांगायचंय. गावातून कानावर जाण्याआधी मीच सांगायला हवं. तुझं काय ते कळव. नाही म्हणालीस तर मी समजेन.

हिस्के


हार्लिंगेन, ९ मे

फेना,

‘मुलगी पाठवा. तुम्ही येऊ नका.’ मिळालं. दोन्ही मान्य.

हे पत्र गलबत सुटण्याआधी घाईने लिहून तिच्याच हातून देते आहे. लाख लावलेली नाही. तिने वाटेत वाचलं तर वाचू दे, यात तिला ठाऊक नसलेलं काही नाही.

तिला मी एक तारखेला सांगितलं. अनाथालयाच्या बाईंनी बैठकीची खोली दिली. बापाचं नाव सांगितलं, तेव्हा तिने फक्त विचारलं, “म्हणजे आईला नाव ठाऊक होतं?” मी म्हटलं, “ठाऊक होतं. पण सांगायचं नव्हतं.” मग मी उरलेलं सगळं सांगितलं. त्या दिवशी अंगणात खोटं बोलले तेही. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. शेवटी उठून म्हणाली, “मला पाव भाजायचे आहेत,” आणि गेली. आठ दिवस मला भेटली नाही. रविवारी मी बाकावर बसले होते, समोरच्या अनाथांच्या बाकावर ती होती. तिने नजर खाली घातली नाही. मी घातली.

आज तिचं गलबत. भरती दुपारनंतरची. मी धक्क्यावर जाणार नव्हते. पण साडेआठला तीच माझ्या दारात, बोचकं घेऊन.

म्हणाली, “चला.”

“कुठे गं?”

“धक्क्यावर. वेळ आहे.”

आम्ही गेलो. दोरखंडाच्या वेटोळ्यांशेजारी एक बाक आहे, मनोऱ्यावरचं घड्याळ तिथून समोर दिसतं. ती बसली. मला म्हणाली, “बसा.” मी बसले. नऊचे टोल पडले.

मला वाटलं, काही बोलायचं असेल. विचारायचं असेल. मी वाट पाहिली. ती घड्याळाकडे बघत होती. ती मला का बसवून ठेवतेय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सव्वानऊ झाले असतील.

फेना, मी आयुष्यभर बाळंतिणींच्या उशाशी बसले, मला वाटायचं वेळ मला कळतो. काही कळत नव्हता. साडेनऊपर्यंत हेरिंगच्या दोन होड्या रिकाम्या झाल्या. दहाला वारा फिरला आणि माझे गुडघे ठणकायला लागले. एक कुत्रं आलं, दोघींना हुंगून गेलं. एका बाईने पाव घेतला, तिथेच उभ्याने खाल्ला, ओळखीची भेटली, गप्पा मारल्या, गेली. अजून अकरासुद्धा वाजले नव्हते. खलाशी गलबत भरत होते. सगळं भरून झालं, ते जेवायला बसले. जेवून झालं. आणि मी मनात एकेक मोजत होते: आत्ता तू पहिल्यांदा म्हणालीस. आत्ता दुसऱ्यांदा. आत्ता मी तुझं मनगट धरलं. त्या दिवशी हे सगळं भराभर झालं असं मला आजवर आठवत होतं.

अकरानंतर मला बसवेना. म्हटलं, “इम्के, जरा उठू का? पाय आखडलेत.”

ती म्हणाली, “बारा वाजले नाहीत.”

मी बसून राहिले.

बाराचे टोल पडायला लागले तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. सगळे टोल तिने ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळली आणि खूप हळू, लहान मूल विचारतं तसं म्हणाली, “एवढा वेळ?”

मी म्हटलं, “हो. एवढा वेळ.”

हिस्के